खडखडणारा ड्रम आणि गुळगुळीत गोठा

प्रश्न : आमचे वैरागला (ता. बार्शी) ट्रिमिक्स कोबा करण्याचे छोटे काम आहे. कोबा खरवडण्याचे एक जुने मशीन मी ओळखीतून विकत घेतले. आठ इंची ड्रम आहे, पेट्रोल इंजिन आहे. धान्याच्या गोदामातला उखडलेला कोबा खरवडून वर नवा थर द्यायचा, गोठ्यातल्या गुळगुळीत कोब्याला खाचा पाडायच्या, अशी दोन्ही कामे येतात. घेतले तेव्हा ड्रमचे कटर फार खडखडत होते. म्हणून ड्रम उघडून जास्तीचे वायसर घातले आणि कटर अजिबात हलणार नाहीत असे बसवले. आवाज कमी झाला, पण मशीन उड्या मारू लागले, कटर एकाच टोकाला झिजले आणि एक सळी वाकली, ती आता निघत नाही. मशिनबरोबर पुस्तक मिळालेले नाही. ड्रम कसा भरायचा आणि कशाकशाची निगा राखायची?
— एक वाचक, वैराग

उत्तर : तुमच्या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. कटर घट्ट बसवले तिथे घोटाळा झाला. खडखड ऐकून कोणाही कारागिराचा हात पान्याकडे जाईल, कारण बाकी सगळ्या यंत्रांत खडखड म्हणजे झीज किंवा ढिलाई. या ड्रमचे कामच मुळी त्या ढिलाईवर चालते.

बिमाला किंवा कॉलमला प्लास्टर धरावे म्हणून गवंडी छिन्नी-हातोडीने टाचे मारतात, ते तुम्ही रोज पाहता. टोकाखाली काँक्रीटचा एक बारीक कपचा उडतो, शेजारी दुसरा घाव, पुन्हा कपचा. तुमचे मशीन हेच करते. ड्रमच्या दोन बाजूंना दोन जाड चकत्या असतात. त्यांच्या कडेने चार किंवा सहा सळ्या आरपार जातात आणि सळ्यांवर दात्यांचे कटर ओवलेले असतात. कटरचे भोक सळीपेक्षा मुद्दाम मोठे ठेवलेले असते. ड्रम थांबलेला असताना कटर सळीवर लोंबकळतात, फिरू लागला की बाहेर फेकले जातात आणि जमिनीवर आपटतात. आपटल्यावर त्यांना मागे सरकायला जागा मिळते, आणि पुढच्या फेरीपर्यंत ते पुन्हा ताठ होऊन येतात. मक्याचा भरडा काढणारी हॅमर मिल उघडून पाहिली असेल तर तिचे लोंबते हातोडे आठवा. जात तीच.

थोडा हिशेब करू, म्हणजे पुढच्या गोष्टी पटतील. समजा तुमचा ड्रम मिनिटाला १,८०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ३०. सळी ड्रमच्या मध्यापासून साडेपाच सेंटिमीटरवर आहे आणि एका कटरचे वजन ६० ग्रॅम आहे. या वेगाला तो ६० ग्रॅमचा कटर जवळजवळ १२ किलो वजनाच्या जोराने बाहेर ओढला जातो. काँक्रीट फोडायला हा जोर पुरतो. इंजिनाने ड्रम जमिनीत दाबावा लागत नाही आणि तुम्ही दांड्यावर भार टाकण्याचीही गरज नसते. ड्रममध्ये ६६ कटर असतील तर सेकंदाला सुमारे दोन हजार घाव बसतात.

आता तुमच्या मशिनचे काय झाले ते पाहा. घट्ट आवळलेले कटर मागे सरकू शकत नाहीत. मग जमिनीचा धक्का कटरकडून सळीला, सळीकडून चकतीला, चकतीकडून बेअरिंगला आणि तिथून तुमच्या मनगटाला पोचतो. मशीन उड्या मारते ते यामुळे, आणि सळी वाकली तीही यामुळेच. मोकळा कटर दर घावाला सळीभोवती थोडा थोडा फिरत राहतो, म्हणून त्याचे सगळे दाते सारखे झिजतात. एकच दाता झिजून सपाट झालेला कटर दिसला, की तो फिरायचा थांबला होता अशी खूणगाठ बांधा. कधी वायसरांनी आवळलेला असतो, कधी सिमेंटच्या लगद्याने चिकटलेला, कधी सळीवरच्या खाचेत अडकलेला.

अडकलेल्या सळीचे आधी बघू. काम सुरू करण्यापूर्वी स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला करा आणि पेट्रोलचा कॉक बंद करा. इंजिन बंद आहे एवढ्यावर विसंबू नका. ड्रम हाताने फिरवताना पट्ट्यातून इंजिनही फिरते. सळीची टोके बहुधा ठोकून फुललेली असतील. ती फुललेली कड ग्राइंडरने घासून सळीच्या मूळ जाडीला आणा, मग पितळी पंच लावून ठोका. तरीही हलत नसेल तर सळी वाचवायच्या नादी लागू नका. दोन कटरांच्या मधे कटिंग चाकाने तिचे तुकडे करा आणि तुकडे बाहेर काढा. चकतीवर मात्र घण घालू नका. चकती एक-दोन मिलिमीटर जरी बाहेर वाकली, तरी नव्या सळ्या पुन्हा कधी सरळ बसत नाहीत. सळी निघाल्यावर चकतीची भोके बघा. ती लंबगोल झाली असतील आणि त्यात बदलता येणारे बुश असतील तर बुश बदला. बुश नसतील तर नवा ड्रम घ्यावा असे मी म्हणेन. भोकात वेल्डिंग भरून पुन्हा पाडलेल्या ड्रमची चारही भोके मध्यापासून नेमक्या सारख्या अंतरावर येतीलच असे नसते, आणि या यंत्रात तो फरक लगेच हादऱ्यातून दिसतो.

नवी सळी करायला लेथवाल्याकडे गेलात तर साध्या एमएसच्या बारची सळी घेऊ नका. ती स्वस्त पडते, पण थोड्याच कामात तिच्यावर कटरच्या खाचा पडतात, टोके फुलतात आणि तुम्ही आजच्याच जागी परत येता. सळी वरून कडक आणि आतून चिवट हवी, म्हणजे योग्य पोलाद घेऊन उष्णता-प्रक्रिया केलेली हवी. फार कडक केलेली सळी वाकणार नाही, ती तुटेल, आणि तुटलेली सळी जास्त धोक्याची. मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या तयार सळ्या मिळत असतील तर त्याच घ्या. कटरच्या खर्चापुढे सळीचा खर्च किरकोळ आहे.

आता ड्रम भरणे. पोत्यावर सगळे सुटे भाग मांडून व्हर्निअरने तीन मापे घ्या : दोन चकत्यांमधले आतले अंतर, कटरची जाडी, वायसरची जाडी. उदाहरणादाखल आतले अंतर १९० मिलिमीटर, कटर ८ आणि वायसर ३ मिलिमीटर धरू. पहिल्या सळीवर कटर, वायसर, कटर, वायसर अशा १७ जोड्या ओवा. १८७ मिलिमीटर भरले, ३ मिलिमीटर मोकळे राहिले. ही मोकळीक शिल्लक राहिलेली चूक समजून भरून काढू नका. सगळ्या कटरांना मिळून तीन ते सहा मिलिमीटर बाजूची जागा हवी. बोटाने ढकलल्यावर पूर्ण ओळ एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकली पाहिजे आणि प्रत्येक कटर आपल्या वजनाने लोंबकळला पाहिजे.

दुसरी सळी पहिलीसारखीच भरली तर वायसरच्या जागी जमिनीवर कोऱ्या रेघा उरतील. म्हणून दुसऱ्या सळीची सुरुवात दोन वायसरांनी करा, मग १६ जोड्या, शेवटी आणखी एक वायसर. एकूण १८५ झाले, मोकळीक ५. आता दुसऱ्या सळीचे कटर पहिल्या सळीच्या फटींवर येतात. चार सळ्यांच्या ड्रममध्ये पहिल्यासारखी तिसरी आणि दुसरीसारखी चौथी. समोरासमोरच्या सळ्या एकाच मांडणीच्या झाल्या, शेजारच्या वेगळ्या. सहा सळ्यांचा ड्रम असेल तर तीन मांडण्या करा आणि पहिलीसमोर चौथी, दुसरीसमोर पाचवी, तिसरीसमोर सहावी अशी जोडी जमवा.

भरलेल्या सळ्या ड्रममध्ये घालण्याआधी किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर तोलून बघा. समोरासमोरच्या दोन सळ्यांचे वजन जुळले पाहिजे. वर केलेला हिशेब इथे कामाला येतो. एका बाजूला एक कटर कमी पडला, तर सेकंदाला ३० वेळा फिरणारा १२ किलोचा ओढा ड्रमच्या एकाच अंगाला राहतो. बेअरिंग गेले, चेसिसला तडा गेला, नट आपोआप सैल झाले, अशा पुष्कळ तक्रारींच्या मुळाशी एवढीशी गोष्ट असते. तुटलेल्या चार कटरांच्या जागी चार कोरे कटर घालून काम भागवू नये तेही यासाठी. नवे कटर जुन्यांपेक्षा लांब असतात, सगळे घाव त्यांच्यावरच पडतात आणि ते भराभर जातात. बदलायचे तर पूर्ण संच बदला. जुन्यातले बरे कटर निवडून त्यांचा वेगळा संच करून हलक्या कामाला ठेवता येतो.

तुमच्या भागात समान भाराचा हा विचार नवा नाही. १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने आखली, तेव्हा इंजिन आणि डब्यांच्या प्रत्येक आसावर सारखाच, पाच टनांचा भार येईल असे त्याने बघितले होते. त्यामुळे हलके रूळ आणि अडीच फुटी मार्ग असूनही भरपूर माल वाहता आला. तिचे वर्कशॉप कुर्डुवाडीला होते.

ड्रम मुख्य शाफ्टवर चढवताना शाफ्टला चिकटू नये म्हणून तांब्याच्या पेस्टचा पातळ हात फिरवा, नाहीतर पुढच्या वेळी ड्रमच निघत नाही. कटरच्या सळ्यांना मात्र ग्रीस लावू नका. ग्रीसमध्ये काँक्रीटची भुकटी बसली की तिचा घासणारा मलम होतो आणि सळी, कटर, वायसर तिन्ही खातो. सळ्या जागच्या जागी धरणारी चकती, रिंग किंवा बोल्ट पूर्ण बसला आहे ना ते दोनदा पाहा. काही कटरांची विडिया, म्हणजे टोकाला बसवलेला अतिकठीण तुकडा, एकाच बाजूला तिरपी बसवलेली असते. जाड रंग किंवा रस्त्यावरचे पट्टे काढायला हे कटर वापरतात. त्यांना दिशा असते आणि विडियाचे तोंड फिरण्याच्या बाजूला यावे लागते. चांदणीसारख्या दात्यांच्या कटरांना दिशा नसते.

आता चालवण्याबद्दल, कारण नीट भरलेला ड्रम खोली चुकीची ठेवली तर तासाभरात बिघडतो. इंजिन चालू करताना ड्रम जमिनीपासून वर हवा. पूर्ण वेग आल्यावर चाक फिरवत हळूहळू खाली आणा. कटर जमिनीला नुसते टेकून ठोकू लागले की तिथेच थांबा आणि तिथून फार तर एक-दोन मिलिमीटर खाली जा. जास्त खाली गेलात तर कटरना झुलायला जागा उरत नाही. ढिले कटरही मग घट्ट बसवल्यासारखेच वागतात आणि सळी वाकते. सहा मिलिमीटर काढायचे असतील तर तीन-चार फेऱ्या मारा, आणि दुसरी फेरी पहिलीच्या आडवी घ्या. चालायचा वेगही महत्त्वाचा आहे. मिनिटाला चार मीटर पुढे गेलात तर जमिनीच्या प्रत्येक मिलिमीटरला चार सळ्यांचे मिळून जवळजवळ दोन घाव बसतात. दुप्पट वेगाने गेलात तर एकच बसतो आणि मधे उंचवटे राहतात. शेजारच्या पट्ट्यावर दोन-तीन सेंटिमीटर चढून चाला.

ड्रम खाली आणण्याआधी जमीन झाडून घ्या आणि वर आलेले बोल्ट, सळीची टोके, जुन्या यंत्राचे अँकर खडूने आखून ठेवा. काँक्रीटवर चांगला टिकणारा कटर लोखंडी बोल्टवर एका घावात विडिया गमावतो.

निगा म्हणाल तर तासांचा ठरावीक आकडा मी देणार नाही. कटर किती चालेल हे खालच्या काँक्रीटवर ठरते. सोलापूर जिल्ह्यातली खडी बहुतेक काळ्या पाषाणाची, म्हणजे दख्खनच्या बेसॉल्टची. ती चिवट असते आणि चुनखडीची खडी वापरलेल्या काँक्रीटपेक्षा कटर जास्त खाते. त्यातून ट्रिमिक्स करताना वर हार्डनर मारलेला असेल तर पहिला थर आणखी कठीण जातो. म्हणून कामाचा दर सांगण्याआधी गोदामाच्या मालकाला हार्डनरबद्दल विचारा आणि कोपऱ्यात हातभर जागा खरवडून बघा. तपासणीसाठी एक सोपी सवय लावा : पेट्रोल भरायला थांबाल तेव्हा प्लगची टोपी काढून ड्रम हाताने फिरवा. प्रत्येक कटर लोंबतो का, एखादा कमी आहे का, एखादी विडिया उडाली आहे का, हे एका मिनिटात कळते. कटर चकतीच्या कडेजवळ येईपर्यंत झिजू दिला तर पुढे चकतीच जमिनीला घासते आणि महागाचा ड्रम जातो. कटर सळीवर चारी बाजूंनी जास्तच डुलू लागला तर भोक मोठे झाले आहे. सळीवरून नख फिरवा. खाचेत नख अडकले तर सळी बदला. कटरचा नवा संच घालताना सळ्याही नव्या घालणे मला योग्य वाटते, कारण जुन्या सळीवरच्या खाचांत नवे कटर अडकतात आणि पहिल्या दिवसापासून एका अंगाने झिजतात.

दिवसाचे काम संपल्यावर ड्रम वर उचलून काही क्षण मोकळा फिरवा, भुकटी झडते. पाणी मारून काम केले असेल तर ड्रम त्याच संध्याकाळी धुवा. रात्रभरात ओल्या भुकटीचे पुन्हा सिमेंट होते आणि सकाळी कटर सळीला चिकटलेले सापडतात. पट्ट्यांचा ताण, बेअरिंगची गरमी, चाकांना चिकटलेले कपचे आणि इंजिनचा एअर फिल्टर हेही बघत जा. फिल्टर बुजला की इंजिन दमते, ड्रमचा वेग पडतो, आणि वेग पडला की घाव मंदावतो.

धुळीबद्दल मात्र मला आग्रहाने सांगायचे आहे. काँक्रीटच्या बारीक धुळीत, विशेषतः नदीची वाळू वापरलेल्या जुन्या काँक्रीटच्या धुळीत, सिलिका असते. डोळ्यांना न दिसणारे तिचे कण फुप्फुसात खोल जाऊन बसतात आणि तिथून परत निघत नाहीत. यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने तो नोंद करणे बंधनकारक असलेल्या रोगांत घातला. बंद गोदामात दिवसभर असे मशीन चालवणाऱ्या पोराच्या तोंडाला उपरणे बांधून भागत नाही. मशिनला धूळ ओढणारा व्हॅक्यूम जोडा. तो नसेल तर पाण्याचा बारीक फवारा ठेवा आणि एन ९५ दर्जाचा मास्क प्रत्येकाला द्या. बंद जागेत पेट्रोल इंजिनचा धूरही जीवघेणा ठरतो, म्हणून शटर आणि खिडक्या उघड्या हव्यात, आणि गोदाम बंदिस्तच असेल तर विजेच्या मोटरचे मशीन भाड्याने आणा. कानाला इअरप्लग, आणि अर्ध्या-पाऊण तासाने चालवणारा बदला. सततच्या हादऱ्याने बोटे पांढरी पडून बधिर होऊ लागली तर ती थकव्याची खूण समजू नका, डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : आमच्या गोठ्यात चार पंढरपुरी म्हशी आणि दोन संकरित गायी आहेत. कोबा गुळगुळीत झाला आहे. मागच्या पावसाळ्यात गाभण म्हैस मागच्या पायांवर घसरून बसली. मशिनने खाचा पाडून घ्याव्यात का? कशा?
— एक वाचक, वैराग परिसर

उत्तर : जरूर पाडून घ्या, आणि ताई-दादा, जो कोणी मशीनवाला येईल त्याला काम सुरू होण्याआधी खालच्या गोष्टी सांगा.

पहिले, कोब्यावर हातोडी मारत फिरा. पोकळ आवाज आला तर खाली काँक्रीटने जागा सोडली आहे. तिथे मशीन चालवले तर तुकडे निघतील. खाली नुसते दगड आणि वर इंचभर लेप असेल तरी खाचा पाडू नका, कोबाच नवा करा. आणि नवा करायचा ठरला तर मशिनचा खर्च नकोच. काँक्रीट ओले असतानाच गवंड्याकडून पट्टीने किंवा पाइपाने खाचा दाबून घ्या. हे काम जवळजवळ फुकटात होते, आणि पुष्कळ गोठे बांधताना नेमके तेच राहून जाते.

जुना कोबा भक्कम असेल तर खाच सुमारे एक सेंटिमीटर रुंद, तेवढीच खोल आणि दोन खाचांमधे साडेचार-पाच सेंटिमीटर सपाट जागा ठेवा. जनावराचा खूर कुठेही पडला तरी त्याच्याखाली निदान एक खाच यावी आणि खुराला टेकायला सपाट जागाही राहावी, म्हणून हे माप. यासाठी ड्रम वेगळा भरावा लागतो. गोदामाच्या कामाला शेजारच्या सळ्यांवरचे कटर एकमेकांच्या फटीत आणतात. इथे चारही सळ्यांवर कटर अगदी एकाच रेषेत हवेत, मधली जागा वायसरांनी किंवा नळीच्या तुकड्यांनी भरलेली. आठ इंची ड्रममध्ये एका सळीवर चार कटर बसतात, म्हणजे एका फेरीत चार खाचा. कटर आठ मिलिमीटरचा असला तरी बाजूच्या मोकळीकीमुळे खाच साधारण एक सेंटिमीटर होते. खोली एका दमात गाठायची नाही, त्याच रेषेवरून पुन्हा पुन्हा जायचे. त्यासाठी जमिनीवर दोरी मारून घ्यावी.

खाचांची दिशा हा खरा विचाराचा मुद्दा आहे. गव्हाणीकडून मागच्या नालीकडे उतार असतो आणि जनावर उठताना मागचे पाय त्याच उतारावर मागे सरकतात. खाचा उताराच्या दिशेने पाडल्या तर मूत्र छान वाहून जाते, पण पायाला आधार मिळत नाही. आडव्या पाडल्या तर आधार मिळतो, पण मूत्र तुंबते, खूर सतत ओले राहून मऊ पडतात. बांधलेल्या जागी म्हणूनच तिरप्या खाचा मला बऱ्या वाटतात. दारापाशी आणि हौदाजवळ जनावर वळते, तिथे दोन्ही बाजूंनी तिरप्या पाडून चौकटी करा.

खाच पाडल्यावर जनावर लगेच आत घेऊ नका. ताज्या फुटलेल्या काँक्रीटच्या कडा पात्यासारख्या असतात, त्या खूर झिजवतात आणि तळाला जखमा करतात. काँक्रीटचा जड ठोकळा दोरीने ओढत साऱ्या कोब्यावरून पुन्हा पुन्हा फिरवा म्हणजे कडा मोडतात. मग खाचांतला कच खराट्याने आणि पाण्याच्या जोराने पूर्ण काढा. खुराच्या फटीत एक टोकदार कपचा शिरला तरी लंगडेपणा येतो. पहिले काही दिवस खाली कडब्याचा किंवा गव्हाच्या काडाचा थर असू द्या. मशीन चालू असताना जनावरे गोठ्यापासून लांब बांधा. आवाजाने ती बिथरतात, आणि गाभण म्हशीला दावे तोडून पळण्याची वेळ यायला नको.

मशीनवाल्याने आपल्या बाजूने थोडी काळजी घ्यावी. गोठा आदल्या दिवशी धुऊन वाळू द्यावा, कारण शेण कटरांत भरले की ते फिरत नाहीत. काम झाल्यावर ड्रम स्वच्छ पाण्याने धुऊन उन्हात वाळवावा. मूत्रातल्या क्षारांनी सळ्या लवकर गंजतात.

प्रश्न : कटरच्या टोकाची विडिया बोथट झाली तर लेथवाल्याकडून घासून पुन्हा धार लावता येते का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : नाही, आणि त्याची गरजही नाही. लेथवरच्या टूलला धार लागते कारण ते कापते. हा कटर ठोकतो. टोक थोडे गोल झाले तरी तो काम करतो, फक्त वजन कमी होत गेले की घाव हलका पडत जातो. साध्या ग्राइंडरच्या चाकाने विडिया घासली जात नाही. उलट घासताना ती तापते आणि मग पाण्यात बुडवली की तडकते.

आपण विडिया म्हणतो ते टंगस्टन कार्बाइड. कार्ल श्रोटर यांनी १९२३ साली जर्मनीत टंगस्टन कार्बाइडची भुकटी कोबाल्टबरोबर दाबून आणि तापवून घट्ट करण्याची रीत पेटंट केली, आणि एसेनच्या क्रुप कंपनीने १९२० च्या दशकाच्या अखेरीस तो पदार्थ ‘विडिया’ या नावाने बाजारात आणला. महाराष्ट्रात अशाच कार्बाइडची हत्यारे बनवणाऱ्या सँडविक कंपनीने १९६० साली पुण्याजवळ दापोडीला आपले बस्तान बसवले. कार्बाइडचे कण कमालीचे कठीण, कोबाल्ट त्यांना धरून ठेवणारा. म्हणून विडिया झिजेला दाद देत नाही, पण आडव्या तडाख्याला फुटते. तिचे तुकडे उडाले असतील तर धारेचा विचार सोडा आणि खाली लोखंड लागले का, खोली जास्त झाली का, कटर आवळले गेले का, हे शोधा. वाया गेलेले कटर साध्या लोखंडाच्या भंगारात टाकू नका. विडियाचे भंगार वेगळे घेणारे व्यापारी असतात आणि त्याला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त भाव मिळतो, म्हणून जुने संच डब्यात साठवा आणि एकदम विका.